मराठवाड्यातील घर आणि घरव्यवस्था : बिलोली ते किल्लारी

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासाचा विचार करताना राजवटी, मुक्तिसंग्राम, दुष्काळ आणि संतपरंपरा हे विषय अभ्यासकांसमोर प्रथम येतात. हा इतिहास घडविणारी माणसे ज्या घरांत राहिली, त्या घरांचा कारभार मात्र इतिहासाचा विषय म्हणून क्वचितच हाताळला जातो. धान्य कोठे ठेवावे, भांडी कशी रचावीत, अंथरुणे केव्हा धुवावीत, केर कोणी काढावा, या गोष्टी इतक्या नित्याच्या आहेत की त्यांनाही इतिहास असतो, हे ध्यानात येत नाही. घर नीटनेटके असेल तर बाईच्या हाताला वळण आहे आणि नसेल तर वळण नाही, एवढ्या शेऱ्यावर हा विषय संपविला जातो.

हा शेरा अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मराठवाड्यातील घराची व्यवस्था ही एका व्यक्तीच्या स्वभावातून निर्माण झालेली नव्हती. वास्तूची रचना, शेतीच्या वर्षाचे चक्र आणि अनेकांचे श्रम या तीन गोष्टींनी मिळून ती घडविली होती. विसाव्या शतकात या तीनही गोष्टी बदलल्या. घर नीट ठेवण्याची जबाबदारी मात्र पूर्वी होती तेथेच, म्हणजे घरातील स्त्रीकडेच राहिली. हा बदल कसा झाला, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

त्यासाठी बिलोली ते किल्लारी हा पट्टा विचारात घेतला आहे. बिलोली हा नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील, तेलंगणाच्या सीमेलगतचा तालुका आहे. बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा नदी लातूर जिल्ह्यातून वाहत जाते, बीदर व तेलंगणातून वळण घेते आणि पुन्हा या सीमेजवळ येऊन गोदावरीस मिळते. किल्लारी परिसरातून वाहणारी तेरणा ही याच मांजरेची उपनदी होय. काळी जमीन, ज्वारीचे पीक, दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचे सपाट छत म्हणजे माळवद, ही या पट्ट्याची समान खूण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या वेळी बिलोलीशेजारच्या देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. मराठी, तेलुगू व दखनी या तीनही भाषा येथील बाजारात आणि घरात वावरतात. 'सामान' हा फारसी, 'संदूक' हा अरबी आणि 'अलमारी' हा पोर्तुगिजांकडून उर्दूच्या वाटेने आलेला शब्द येथील घरांत सहज रुळलेला आहे.

वास्तूतच वसलेली व्यवस्था

जुन्या माळवदी घरात फर्निचर जवळजवळ नसे. खुर्ची, टेबल, कपाट यांवाचून घर चालत असे, कारण वस्तू ठेवण्याची सोय भिंतीत, छतात आणि जमिनीत केलेली असे. भिंती दोन ते तीन फूट जाडीच्या असत. त्या जाडीतच कोनाडे व देवळ्या सोडलेल्या असत. दिव्याची देवळी दाराशेजारी, देवाचा कोनाडा आतल्या घरात आणि तिखटमिठाचा कोनाडा चुलीच्या हाताशी, अशी त्यांची जागा ठरलेली असे. लाकडी खुंट्या भिंत बांधतानाच बसविल्या जात. दूध, दही, लोणी यांसाठी आढ्याला शिंके टांगलेले असे. मांजर, मुंगी व लहान मूल या तिघांपासूनही ते सुरक्षित राही.

धान्यासाठी तीन प्रकारची सोय असे. दोन भिंतींमध्ये जागा सोडून केलेले बळद, बांबूची विणून शेणमातीने लिंपलेली कणगी आणि जमिनीत खणलेले पेव. बळदात वरून धान्य ओतावयाचे आणि खालच्या लहान तोंडातून लागेल तेवढे काढावयाचे, अशी योजना असल्यामुळे जुने धान्य आधी बाहेर येई. साठवणुकीचा हा शिस्तबद्ध क्रम कोणी शिकवावा लागत नसे, तो बांधकामातच होता. डाळी, बी-बियाणे, मीठ, चिंच यांची मडकी एकावर एक रचून उतरंड केलेली असे. मोठे मडके तळाशी आणि लहान वर, तसेच क्वचित लागणारी वस्तू खाली आणि नित्याची वर, असा हा हिशेब होता.

घराचे मोजमाप खणांत सांगितले जाई. दोन लाकडी खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. भावांची वाटणी होई तीही खणांनी. ढाळज, ओसरी, चौक, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी, परस आणि गोठा असा बाहेरून आत जाणारा क्रम मोठ्या घरात असे. पाहुणा कोठपर्यंत येणार, धान्य कोठे उतरणार, जनावर कोठे बांधले जाणार आणि चूल कोणाच्या दृष्टीस पडणार नाही, हे सर्व या क्रमात ठरलेले होते. माळवद ही घराची आणखी एक खोलीच होती. वाळवण, निवडणे-टिपणे आणि उन्हाळ्यातील झोप तेथे होई. माळवदातील सवण्यातून खाली उजेड येई व चुलीचा धूर बाहेर जाई.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. माजघर अंधारे असे, चुलीच्या धुराने डोळे जात, गोठा घराला लागून असल्याने माशांचा उपद्रव असे. लहान शेतकरी व भूमिहीन यांच्या एक-दोन खणांच्या घरात यांतील थोड्याच सोयी असत. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. या घरात प्रत्येक वस्तूला जागा होती आणि ती जागा घर बांधतानाच ठरलेली होती.

वर्षाचे चक्र : दसरा काढणे

रोजचा सडा, झाडलोट आणि चुलीला पोतेरे या नित्याच्या कामांपलीकडे घराची मोठी कामे सणांशी जोडलेली होती. त्यांतील सर्वांत मोठे काम म्हणजे 'दसरा काढणे'. घट बसण्यापूर्वी, म्हणजे पितृपक्षाच्या सुमारास, घरातील एकूण एक वस्तू बाहेर येई. वाकळा-गोधड्या नदीवर किंवा ओढ्यावर धुतल्या जात. उतरंडी उतरवून मडकी पुसली जात, भिंती पांढऱ्या मातीने पोतारल्या जात आणि जमीन शेणाने सारवली जाई.

हे काम भाद्रपदाच्या अखेरीस येण्यामागे व्यावहारिक कारण आहे. पावसाळ्यात ओल धरलेले घर या दिवसांत उघडते, नदीला पाणी असते, ऊन पुन्हा तापू लागलेले असते आणि खरिपाचे धान्य घरात येण्यास थोडा अवकाश असतो. नवे धान्य येण्यापूर्वी जुन्याची झाडाझडती आणि कीड लागलेल्याची निवड, हा दसऱ्याच्या सफाईचा गाभा होता. धार्मिक आचाराने या कामाला मुदत घालून दिली. ज्या कामाला मुदत नसते ते लांबणीवर पडते, हा अनुभव कोणत्याही कार्यालयाला नवा नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी दुसरे मोठे काम असे. पावसाचे पाणी आत गळू नये म्हणून माळवदावर दरवर्षी नवी माती टाकून, ती दाबून, उतार नीट करून घ्यावा लागे. हे काम बहुधा पुरुषांचे. ज्याने वेळेवर माती टाकली तो दक्ष आणि ज्याचे घर गळते तो आळशी, असा गावाचा निवाडा असे. या वार्षिक दक्षतेचा पुढे काय परिणाम झाला, याचा विचार यथास्थळी करावयाचा आहे.

श्रम कोणाचे?

घराच्या व्यवस्थेमागील श्रमाचे सर्वांत जुने आणि स्पष्ट मराठी साक्षीदार संतसाहित्यात भेटतात. गोदावरीकाठच्या गंगाखेडची जनाबाई ही नामदेवांच्या घरची दासी. तिच्या नावावरील अभंगांत दळण, कांडण, झाडलोट, केर भरणे, पाणी आणणे ही कामे वारंवार येतात आणि विठ्ठल ती तिच्याबरोबर वाटून घेतो. या रचनांचा भक्तिपर अर्थ सर्वमान्य आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्यांत आणखी एक सूचना आहे. काम वाटून घेणारा माणूस घरात नव्हता, म्हणून तो देवात शोधावा लागला.

जात्यावरच्या ओव्या हे असेच दुसरे साधन होय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांत फिरून एक लाखांहून अधिक ओव्या संकलित केल्या. सासर, माहेर, भाऊ, मुले यांच्याबरोबरच घरातील कामाचा भार हाही या ओव्यांचा मोठा विषय आहे. पहाटे दळण सुरू होई, त्या वेळी घर झोपलेले असे. घर जागे होईपर्यंत निम्मे काम उरकलेले असे. जे काम इतरांच्या नजरेस पडत नाही त्याची नोंदही राहत नाही. ओव्यांनी ती राखली.

घरातील स्त्रीच्या श्रमाखेरीज गावगाड्याचे श्रमही या व्यवस्थेत होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आले आहे, ते घराच्या अंगाने वाचले असता बरेच काही सांगते. कुंभाराची मडकी, सुताराचे खांब व खुंट्या, परटाचे धुणे, बुरुडाच्या टोपल्या, मांगाची केरसुणी व दोरखंड यांवाचून सवर्णाचे घर नीटनेटके राहू शकत नव्हते. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाई. ती तयार करणाऱ्याला मात्र उंबरठ्याच्या आत प्रवेश नव्हता. गावाची स्वच्छता ज्यांच्या हातांनी होत होती, त्यांचीच वस्ती गावाबाहेर आणि पाण्यापासून दूर ठेवलेली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात पोशाख, दागिने व स्वच्छता यांविषयी जो उपदेश केला, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर ध्यानात येतो. तेथे स्वच्छता ही गृहिणीची शोभा म्हणून सांगितलेली नव्हती. जातीची खूण पुसून टाकण्याचे आणि मानाने उभे राहण्याचे ते साधन होते. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात महारवाड्यातील घरांचे चित्र आहे. जेथे ठेवण्यासाठी वस्तूच नाहीत, तेथे नीटनेटकेपणाचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न ते वाचकापुढे उभा करते.

ग्रंथांतील गृहिणी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मुंबईकडे घर नीट ठेवण्याचा विषय छापील पुस्तकांत आला. पंडिता रमाबाईंच्या 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) मध्ये गृहकृत्याचा विचार आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' हे पाकक्रियांचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात गृहजीवनाशी संबंधित विषयांना अभ्यासक्रमात स्थान मिळाले आणि १९३० मध्ये सुरू झालेल्या 'स्त्री' मासिकाने मध्यमवर्गीय घरापर्यंत हा विचार नेला. शिकलेली स्त्री घराकडे दुर्लक्ष करील, या आक्षेपाला उत्तर देणे हे या लेखनाचे एक प्रयोजन होते. त्यामुळे शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्यांनाही स्त्रीची पात्रता तिच्या घराच्या टापटिपीवरून सिद्ध करावी लागली.

स्वच्छता आणि सोवळे यांची गल्लत किती टोकाला जाऊ शकते, याचे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' (पहिला भाग १९३४) मध्ये आहे. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकामुळे घरातील बायकांवर धुण्यापुसण्याचा जो भार पडला, त्याचे त्यांनी विनोदाने वर्णन केले असले तरी त्यामागील कष्ट लपत नाहीत.

हैदराबाद संस्थानात मात्र या वाङ्मयाचा शिरकाव मर्यादित राहिला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, माध्यमिक शिक्षणावरही उर्दूचा प्रभाव होता आणि मराठी मुलींच्या शाळा मोजक्या होत्या. शिवाय पुण्यातील पुस्तकांत जे घर गृहीत धरलेले होते ते नोकरदाराचे होते. महिन्याचा पगार, महिन्याचा किराणा आणि चार-पाच माणसे असा त्याचा आकार होता. बिलोलीकडील घरात वर्षाचे धान्य, बियाणे, अवजारे, बैल, वैरण आणि तीन पिढ्या एकत्र असत. या घराची व्यवस्था सांगणारे पुस्तक कोणी लिहिले नाही. सासूकडून सुनेकडे जाणारे तोंडी ज्ञान हेच त्याचे शास्त्र होते. १९७२ मध्ये परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याच दशकात तेथे गृहविज्ञानाचे शिक्षण सुरू झाले आणि शेतकऱ्याचे घर हा अभ्यासाचा विषय होऊ लागला. तोपर्यंत ते घर स्वतःच बदलू लागले होते.

वस्तू बदलतात

स्वातंत्र्योत्तर काळात घरातील वस्तूंचे स्वरूप दोन-तीन दशकांत पालटले. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून संकरित ज्वारी आली. तिचे उत्पादन अधिक, परंतु साठवणीत ती देशी ज्वारीइतकी टिकत नाही, असा शेतकऱ्यांचा अनुभव होता. १९७२ च्या दुष्काळात पेवे व बळदे रिकामी झाली आणि अनेक कुटुंबे प्रथमच रेशनच्या मिलोवर व रोजगाराच्या कामावर अवलंबून राहिली. वर्षाचे धान्य घरात असलेच पाहिजे, ही घराची जुनी व्याख्या त्या वर्षी ढासळली. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. मातीच्या उतरंडीच्या जागी पत्र्याचे डबे, पितळेच्या जागी स्टील आणि पुढे प्लास्टिक आले. लग्नात लोखंडी कपाट देण्याची रीत पडली.

वस्तू स्वस्त झाल्या, त्यांची संख्या वाढली. पूर्वीचे मडके फुटले की मातीत मिळे. डबा, बाटली, पिशवी यांचे तसे होत नाही. पूर्वीच्या घरात वस्तू मोजक्या आणि जागा ठरलेल्या होत्या. नव्या घरात वस्तू अनेक झाल्या आणि त्यांच्यासाठी भिंतीत जागा नव्हती. कपाट, मांडणी, पलंग हे सर्व जमिनीवर उभे राहिले आणि राहण्याची जागा तेवढी कमी झाली.

३० सप्टेंबर १९९३

हा बदल हळूहळू होत असतानाच किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ रोजी ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे कोसळली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात इतक्या तीव्रतेचे अनेक भूकंप फारशी जीवितहानी न होता होऊन गेले आहेत. येथे माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे. चिखलात रचलेल्या अनघड दगडांच्या भिंती बाहेर फुगून पडल्या आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर आला.

माळवदावर दरवर्षी नवी माती टाकण्याचे जे काम वर सांगितले, त्याचा परिणाम येथे दिसतो. जुनी माती न काढता वर नवा थर घातला जात असल्याने पिढ्यान्‌पिढ्या छताची जाडी व वजन वाढत गेले होते. काही ठिकाणी ही जाडी दोन फुटांपर्यंत पोहोचली होती. घर गळू नये म्हणून केलेली वार्षिक दक्षताच घर जड होण्याचे कारण ठरली. ज्याने अधिक निगा राखली त्याचे छत अधिक जड, ही या घटनेतील क्रूर विसंगती होय. खांब व तुळयांचा पूर्ण सांगाडा असलेल्या अनेक घरांत भिंती पडल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला. परंतु लाकूड महागल्यानंतर बांधलेल्या घरांत छताचा भार थेट भिंतींवर टाकलेला होता.

घराची निगा ही सवयीने चालते आणि सवयीला तिचा हेतू तपासण्याची गरज वाटत नाही. गावात कोणीही आळशी नव्हते, तरीही घर धोकादायक झाले. घराच्या व्यवस्थेला नुसती मेहनत पुरत नाही. रचनेचे ज्ञानही लागते, हा १९९३ चा धडा आहे.

नव्या घरातील अडचण

शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरविण्यात आले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. रुंद सरळ रस्ते, रांगेत घरे आणि काँक्रीटचे बांधकाम असे या गावांचे स्वरूप होते. भूकंपाच्या दृष्टीने ही घरे सुरक्षित होती आणि हे त्यांचे मोठे यश आहे.

अडचण होती ती घर चालविण्याची. नव्या घरांच्या पातळ भिंतींत कोनाडा, खुंटी किंवा बळद यांना जागा नव्हती. एक साधा हिशेब करून पाहता येईल. दहा क्विंटल ज्वारीची पोती तीन थरांत रचली तर त्यांच्याखाली सुमारे पंचवीस चौरस फूट जमीन जाते. २५० चौरस फुटांच्या घराचा हा दहावा भाग होय. जुन्या घरात हे धान्य भिंतीत मावत होते. त्याशिवाय अवजारे, खताची पोती, सरपण, वैरण, अंथरुणे आणि देव यांनाही जागा हवी होती. साहजिकच अनेक कुटुंबांनी नव्या पक्क्या घरात धान्य व सामान ठेवले आणि शेजारी पत्र्याची शेड उभारून तेथे चूल मांडली. काही ठिकाणी शौचालयात सरपण व गोवऱ्या साठविल्या गेल्या. बाहेरून येणाऱ्यांना हा अडाणीपणा वाटला. प्रत्यक्षात जे वास्तूने करावयाचे ते काम लोकांनी शेडकडून करून घेतले होते. जमीनधारणेनुसार वेगवेगळ्या गटांत घरे दिल्यामुळे भाऊबंद व शेजार दुरावला, तेव्हा मुलांकडे लक्ष ठेवणे, वाळवण राखणे, उसनेपासने या परस्परसाहाय्याच्या रीतीही विस्कळीत झाल्या.

जी गावे मूळ जागीच राहिली, तेथील घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या टप्प्यात मात्र एक वेगळा प्रयोग झाला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. त्यांनी घरोघरी जाऊन योजनेची माहिती दिली, बांधकामावर देखरेख केली आणि अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडल्या. ज्यांनी आजवर घर आवरले, त्यांना घर कसे बांधावे हे विचारले जाण्याची या भागातील ही महत्त्वाची सुरुवात होती.

किल्लारीपासून दूर असलेल्या बिलोली परिसरालाही हा प्रश्न परका नाही. येथील माळवदी घरांची जागाही पत्रा व स्लॅब घेत आहेत. शासकीय घरकुल योजनांतील घरही लहानच आहे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटर होते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात ते २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट झाले आणि त्यात स्वयंपाकाची स्वतंत्र जागा धरण्यात आली. किल्लारीच्या सर्वांत लहान घरापेक्षा हे अवघे १९ चौरस फुटांनी मोठे आहे. धान्य व अवजारांचा प्रश्न अद्याप तसाच आहे.

केरसुणी आणि खराटा

सार्वजनिक स्वच्छतेच्या क्षेत्रात या काळात झालेले प्रयत्नही येथे लक्षात घेतले पाहिजेत. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गाव झाडले आणि रात्री कीर्तन केले. झाडण्याचे काम जातीने व लिंगाने ठरलेले असलेल्या समाजात एका लोकमान्य पुरुषाने ते उघडपणे करणे, ही उपदेशापेक्षा मोठी गोष्ट होती. तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'तही (१९५५) ग्रामस्वच्छतेचा विचार आहे. महाराष्ट्र शासनाने २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यातून रस्ते, गटारे आणि शौचालये यांकडे गावांचे लक्ष गेले, हे निर्विवाद आहे.

तथापि खराटा अंगणापर्यंत आला, उंबरठ्याच्या आत केरसुणी जिच्या हाती होती तिच्याच हाती राहिली. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार भारतात ८१.२ टक्के स्त्रिया व २६.१ टक्के पुरुष विनावेतन घरकामात भाग घेतात. भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे. गिरणी, नळ, गॅस यांनी जाते, घागर, सरपण यांचे कष्ट हलके केले, तरी कामाची वाटणी फारशी बदलली नाही.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मराठवाड्यातील पारंपरिक घर नीटनेटके राहत असे ते प्रामुख्याने त्याच्या बांधणीमुळे आणि कृषिचक्राशी जुळलेल्या कामांमुळे. दुसरा असा की, या व्यवस्थेचा भार स्त्रियांवर आणि गावगाड्यातील खालच्या मानलेल्या जातींवर होता आणि तिचे श्रेय मात्र घराण्याला मिळत असे. तिसरा असा की, विसाव्या शतकात भिंतीतील जागा गेल्या, वस्तू वाढल्या, बलुतेदारी मोडली आणि एकत्र कुटुंबातील हात कमी झाले. या सर्वांची भरपाई घरातील एका स्त्रीच्या श्रमाने होईल, असे गृहीत धरले गेले.

बलुतेदारीचे मोडणे इष्टच होते आणि जड माळवदाकडे परत जाणे शक्य नाही, योग्यही नाही. परंतु बळद, कोनाडा आणि खुंटी यांमागील विचार काँक्रीटच्या घरातही आणता येतो. घरकुलाचा आराखडा ठरविताना घर चालविणाऱ्या स्त्रीला विचारले, तर ती प्रथम धान्याची जागा विचारील. अस्ताव्यस्त घर पाहून गृहिणीला दोष देण्यापूर्वी त्या घरात किती वस्तूंना जागा दिलेली आहे आणि किती हात कामाला आहेत, हे मोजले पाहिजे. दसरा आजही काढला जातो. त्या दिवशी घरातील सर्व सामान अंगणात येते आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा आत लावावयाचे असते. ते आत लावणारे हात कोणाचे आहेत, या प्रश्नापासून मराठवाड्यातील घराच्या इतिहासाची मांडणी सुरू व्हावयास हवी.